सोनाराच्या काट्यावरचे सेल

माणसाला अंधारातून उजेडाकडे नेण्याइतके पवित्र काम दुसरे नाही, आणि ते मी आदिलाबादच्या बाजारात बसून निम्मे आयुष्य केले आहे. या काळात हजारो माणसे माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढून आली आणि हातात उजेड घेऊन गेली. त्यांतली बरीचशी आठवड्याच्या आत तोच उजेड परत घेऊन आली आणि म्हणाली, "हे बदलून द्या."

मी बॅटऱ्या विकते. आमच्याकडे जिच्यातून उजेड पडतो ती बॅटरी, आणि तिच्या पोटात जो घालायचा तो सेल. टॉर्च हा शब्द फक्त कंपनीचा माणूस वापरतो. या लेखात मी आमच्याच पद्धतीने लिहिणार आहे, नाहीतर मला माझेच दुकान ओळखू यायचे नाही.

आमचे घराणे निजामाच्या काळात पैनगंगेपलीकडून इकडे आले ते नोकरीसाठी, आणि तेव्हापासून घरात नोकरीशिवाय कोणी काही केले नाही. कोणी कोर्टात, कोणी बँकेत, कोणी शाळेत. एकट्या सासऱ्यांनी रेडिओ आणि बॅटऱ्यांचे दुकान काढले, आणि त्याबद्दल नातेवाइकांनी त्यांना बरीच वर्षे सहानुभूती दाखवली. ते थकले तेव्हा माझे यजमान शाळेत गणित शिकवत होते आणि मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन डाळ निवडत होते. "चार दिवस दुकानात बस," सासरे म्हणाले. ते चार दिवस अजून चालू आहेत.

गिऱ्हाईक आत येते, माझ्याकडे पाहते, मग माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे पाहते. "मालक नाई का?" हा प्रश्न मला मराठीत, तेलुगूत आणि हिंदीत, तिन्ही भाषांत विचारला गेला आहे. मीच मालक आहे म्हटले की पुढचा प्रश्न येतो, "नाई, म्हंजे माहिती असनारं कोनी?" आता कोणी विचारत नाही. मला ज्ञान आले असे लोकांना वाटत नाही. केस पांढरे झाले, एवढे त्यांना दिसते.

धंदा थोडक्यात सांगते. पूर्वी सेल जाडजूड असत, दोन घातले की बॅटरी चाले आणि संपले की फेकून द्यायचे. फेकण्याआधी मात्र त्यांचे बरेच औषधपाणी होई. दाताने दाबत, चुलीशेजारी ठेवत आणि मुख्य म्हणजे उन्हात वाळत घालत. उन्हाने तो सेल खरोखरच थोडी धुगधुगी धरायचा. मग लिथियमचे सेल आले. अंगठ्याहून थोडे मोठे, पुन्हा पुन्हा भरता येणारे आणि तापट स्वभावाचे. त्यांना ऊन चालत नाही, ठेचलेले चालत नाही, फाटके कव्हर चालत नाही, आणि जुन्याच्या शेजारी नवा बसवलेला चालत नाही. सेल बदलला, पण लोकांची औषधे तीच राहिली.

तलमडुगु मंडळातल्या, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला तालुका म्हणतात तिथल्या, सगुणामावशी एकदा पदराच्या गाठीतून असा सेल काढून माझ्यापुढे ठेवत्या झाल्या. त्याचे वरचे कव्हर आक्रसून सालपटासारखे सुटले होते.

"याले कितीक दिस उन्हात ठेवला. माह्या मिरच्या वाळल्या, कुरडया वाळल्या, पन हा काई सुदरला नाई."

"मावशी, हा उन्हात नाही ठेवायचा. फुटेल एखादेवेळी. हा चार्जरला लावायचा."

"चार्जर तं हाय. पन लाईन जाते ना. ऊन कुठं जाते?"

सौर ऊर्जेवरची मोठमोठी भाषणे मी ऐकली आहेत. त्यांत यापलीकडे काही नव्हते. मी त्यांना नवा सेल दिला आणि तो माळवदावर न नेण्याची शपथ घ्यायला लावली. त्यांनी ती मिरचीची घेतली.

दुसरे एक गिऱ्हाईक अर्ध्या मिशीने आले होते. शेजारच्या गल्लीतल्या न्हाव्याचे केस कापायचे मशीन ऐन कामात बंद पडले. कात्री धार लावायला गेलेली, वस्तऱ्याला ते गृहस्थ तयार नाहीत. तेव्हा न्हावी, मशीन आणि गळ्यात टॉवेल असलेले ते गृहस्थ, असे तिघे माझ्याकडे आले. मी नवा सेल घालून देईपर्यंत गृहस्थ रस्त्याकडे पाठ करून कॅलेंडर वाचत होते. ते मागच्या वर्षाचे होते, पण त्यांनी संपूर्ण वाचले.

आता आकड्याबद्दल. सेलच्या अंगावर आकडा छापलेला असतो, त्यात किती वीज मावते त्याचा. या मापाच्या सेलमध्ये, तो कितीही चांगल्या कारखान्यात झालेला असो, साडेतीन हजारांच्या आसपास मावते. पण बाजारात नऊ हजार नऊशेचा सेल मिळतो, बारा हजारांचाही मिळतो, आणि तो खऱ्यापेक्षा स्वस्त असतो. याचे कोणालाच आश्चर्य वाटत नाही. आकडा छापायला फक्त शाई लागते. आमच्या भागातल्या फ्लेक्सवर नावामागे जितकी विशेषणे असतात तितके त्या माणसात मावत असते, तर आमचे रस्ते वेगळे दिसले असते. लोक फ्लेक्स पाहून हसतात आणि सेल मात्र आकडा पाहून घेतात.

खरा सेल ओळखण्याची सोपी रीत वजन ही आहे. पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरला तर तो बहुधा खरा. फसव्याच्या नळीत एखादा बारका सेल आणि बाकी भुकटी असते. तो पंचवीस-तीसवर थांबतो. हे मला वाचून माहीत होते, पण माझ्याकडे काटा नव्हता. काटा होता शेजारी, चारींकडे.

चारीगारू सोनार; गारू म्हणजे तेलुगूतले राव. आमच्या दोन दुकानांत भिंत एक. त्यांचे मराठी गिऱ्हाइकांनी शिकवलेले आहे, त्यामुळे त्यात दागिन्यांचे शब्द फार आणि बाकीचे बेताचे. पहिल्यांदा मी सेल घेऊन गेले तेव्हा सवयीने त्यांचा हात कसोटीच्या दगडाकडे गेला. मग त्यांनी तो काट्यावर ठेवला. लाल आकडे सव्वीसवर थांबले.

"अम्मा, ह्याच्यात माती आहे," ते म्हणाले. "आमच्यात तांबं टाकतात. पण माती कोणी टाकत नाही."

तेव्हापासून माझ्याकडचा प्रत्येक सेल चारींच्या काट्यावरून जातो. गिऱ्हाइकासमोर ठेवला की चारी सवयीने वजन तोळ्यात मोठ्याने सांगतात, "साडेचार तोळे! मजुरी नाही, घट नाही!" गिऱ्हाईक खूश होते. मी पंधरा मिनिटे विज्ञान समजावून जे पटत नसे, ते चारींच्या आरोळीने पटते. सोनाराच्या काट्यावर चढलेल्या वस्तूबद्दल आपल्या लोकांना एकदम आदर वाटू लागतो.

दुसरी गोष्ट पेट्यांची. सुटा सेल खिशात चिल्लर आणि किल्ल्यांसोबत ठेवला तर त्याची दोन्ही टोके धातूने जोडली जाऊ शकतात आणि खिसा तापतो. म्हणून तो प्लास्टिकच्या डबीत, कोरड्या, थंड जागी, निम्मा भरून ठेवावा. हे मी प्रत्येकाला सांगते. प्रत्येक जण मान डोलावतो आणि पायऱ्या उतरता उतरता सेल किल्ल्यांच्या खिशात टाकतो. चारींकडे साखळ्यांसाठी आणलेल्या, लांबट, लाल प्लास्टिकच्या पेट्या पडून होत्या. आतून गुलाबी कापूस. गिऱ्हाइकांना आता पारदर्शक झाकण लागते म्हणून त्या कोणी घेईना. सेल त्यांत इतका नेमका बसला की मी सगळ्या उचलल्या. पेटी चांगली दिसली तर लोक सेल तिच्यात ठेवतील, असा माझा अंदाज होता. लोकांनी पेट्यांत कुंकू ठेवले.

या दोन गोष्टी, काटा आणि पेटी, निरुपद्रवी आहेत असे मी यंदाच्या धोंड्याच्या महिन्यापर्यंत समजत होते.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिकात जावयाला जेवायला बोलावून धोंडे खाऊ घालायचे आणि काहीतरी द्यायचे. आत्मारामभाऊ भीमपूर मंडळातले, पैनगंगेच्या अगदी काठच्या गावचे. कापूस आणि ज्वारी. रानडुकरांमुळे त्यांना बॅटरीची गरज पडते, म्हणून ते माझे जुने गिऱ्हाईक. त्यांची रेणुका गेल्या वर्षी नदीपलीकडे दिली. जावई सुनील तिकडे विजेच्या तारांवर काम करणारा, कंत्राटी लाईनमन. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा.

"वैनी, जवायासाठी बॅटरी पायजे," आत्मारामभाऊ म्हणाले. "मरनार नाई अशी."

"मरणार नाही असं जगात काही नसतं, भाऊ."

"मंग तो खांबावर असतानी मरनार नाई अशी द्या. खाली उतरला का खुशाल मरू द्या."

मग त्यांनी सांगितले ते असे. मागच्या पावसाळ्यात सुनील खांबावर चढलेला, दोन्ही हात कामात, बॅटरी दातांत धरलेली, आणि ती विझली. तो चाचपडत उतरला. घरी त्याने हे कोणाला सांगितले नाही, फक्त बायकोला सांगितले. धोंड्याला काय पाहिजे असे रेणुकेने विचारले तेव्हा तो म्हणाला, "तुह्या बाबाले सांग, एक चांगली बॅटरी द्या. बाकी काई नको." रेणुकेने हे बापाच्या कानावर घातले, आणि बापाने त्या दिवसापासून झोप घालवली.

अशी मागणी घेऊन गिऱ्हाईक रोज येत नाही. मी सगळा माल खाली काढला. डोक्याला बांधायच्या पट्ट्याची बॅटरी निवडली, म्हणजे दात जेवायला मोकळे राहतील. सेल काढून बदलता येईल अशीच घेतली. हल्ली सेल आत चिकटवून बंद केलेल्या वस्तू येतात. सेल मेला की सगळी वस्तूच उकिरड्यावर. त्यांना नव्या पिढीच्या वस्तू म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी अशी वस्तू दुकानाच्या पायरीवरून परत पाठवली असती. मी विकते, पण विकताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे पाहत नाही.

आत्मारामभाऊंनी आठवडी बाजारातून आणलेला सेल खिशातून काढला. "ह्याच्यावर तं नऊ हजार लिहेल हाय. हाच घालू का?"

"हा घातला तर जावई खांबावर आणि तुम्ही खाली हात जोडून," मी म्हटले आणि त्यांना चारींकडे नेले. तिथे दोन चांगले सेल एकामागून एक काट्यावर ठेवले, एक बॅटरीत घालायला आणि एक जादा. पहिला सेहेचाळीस ग्रॅम, दुसरा पंचेचाळीस. आत्मारामभाऊंनी दोन्ही वेळा काट्याला नमस्कार केला. जादा सेल मी लाल पेटीत कापसावर ठेवला आणि पेटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली.

पुढचे मला नंतर कळले. समोरच्या हॉटेलात त्या वेळी नामदेव नावाचे गृहस्थ चहा पीत बसले होते. रेणुकेचे सासरे दिगंबरराव, त्यांचे हे मेव्हणे. पंपाची मोटर दुरुस्तीला टाकून ते वाट पाहत होते. चारींच्या दुकानाला काचेचे दार आहे. बाहेरून आतल्या माणसांच्या पाठी दिसतात, काट्याचे लाल आकडे दिसतात, पण काट्यावर काय आहे ते दिसत नाही. नामदेवांना दिसले ते एवढे: सोनाराचे दुकान, धोंड्याचा महिना, आपले सोयरे आत्मारामभाऊ. काट्यावर एकदा सेहेचाळीस, एकदा पंचेचाळीस. नमस्कार. लाल पेटी, छातीशी.

ते उठून आत आले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण सोयरा सोने जोखत असताना मध्ये जाऊ नये, ही रीत त्यांना ठाऊक होती. रीत पाळणारा माणूस होता. त्यांनी चहा संपवला, मोटर उचलली आणि नदी ओलांडली. मोटरच्या आधी बातमी घरी पोहोचली: आत्मारामनं जवायासाठी नऊ तोळ्यांचे दोन डाग केले.

आठवड्याभरात आत्मारामभाऊ पुन्हा आले आणि मला घेऊन चारींच्या दुकानात गेले. तोंड उतरलेले. चारींनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली आणि पाणी दिले.

"पोरीचा फोन आला व्हता," ते म्हणाले. "इवाई सगळ्याइले सांगून राह्यले, आमच्या सुनील्याले नऊ तोळे येऊन राह्यले म्हनून. दोन गाड्या पाव्हने आनून राह्यले पाह्याले. आकडा गावभर झाला, अन् वस्तू कोनालेच मालूम नाई."

"मग सांगून टाका की, ते सेलचं वजन होतं."

"आता कसं सांगू, वैनी? आता सांगतलं तं म्हंतील, सोनं घरात ठेवलं अन् बॅटरी पुढं केली. पोरगी जलमभर आयकन. भाजीत मीठ कमी पडलं तरी नऊ तोळे निंघतीन."

हे खरे होते. न दिलेल्या सोन्याला दिलेल्या सोन्यापेक्षा जास्त आयुष्य असते. ते मोडता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि सुनेला रोज दाखवता येते.

आत्मारामभाऊ चारींकडे वळले. "चारीगारू, बारीकसं काई व्हईन का? येखादी अंगठी? म्हंजे अगदीच सोनं नाई असं नको."

चारींनी अंगठ्यांचा ट्रे अर्धा बाहेर काढला आणि परत आत सरकवला. समोर चालून आलेले गिऱ्हाईक परतवायचे म्हणजे सोनाराला जड जाते. मग म्हणाले, "मी सोनार आहे. मला विकायला पाहिजे. पण पहिले मुलीला विचारा."

तिथूनच फोन लावला. आत्मारामभाऊंना कमी ऐकू येते म्हणून त्यांनी स्पीकर चालू केला होता, त्यामुळे रेणुकेचे उत्तर चारींच्या दुकानातल्या सगळ्यांनीच ऐकले.

"बाबा, तुमी सोनं घेतलं तं म्या जेवाले येनार नाई, सांगून ठेवतो. खांबावर त्याइले सोन्याचा उजेड पडनार हाय का? म्या बॅटरी सांगतली, बॅटरीच पायजे. सासऱ्याचं म्या पाह्यतो."

फोन बंद झाला. आत्मारामभाऊ म्हणाले, "मायवर गेली." त्यात तक्रार नव्हती. मग आम्हा दोघांकडे बोट करून म्हणाले, "पन तुमी दोघं जेवाले याच. तुमच्या काट्यानं केलं हे."

तेव्हा मी आणि चारी धोंड्याच्या जेवणाला गेलो. दारात हिरव्या जाळीचा मांडव, त्याखाली दुपारची धग, एक मोठा पंखा आणि तो फक्त पाहुण्यांकडे वळवलेला. दिगंबरराव दोन गाड्या भरून आले. एकेकाळी सोसायटीचे चेअरमन होते. ते पद जाऊन बराच काळ लोटला, पण आवाज अजून त्याच पदावर होता. गाडीतून त्यांनी आधी चाकांचा स्पीकर उतरवला, मग हातात धरायचा बिनवायरचा माईक, आणि मग बायकोला. नामदेव मागून आले. त्यांनी मला ओळखले नाही. चारींना मात्र पाहून ओळखीचे, समाधानाचे हसले. साक्षात सोनारच जेवायला आलेला पाहून त्यांची खात्री पटली असावी.

रेणुका आतबाहेर करत होती. तिच्या आईचा, कौसल्याबाईंचा चेहरा पाहवत नव्हता. त्या अनारसे मोजत होत्या, तेहतीस व्हायला पाहिजेत म्हणून, आणि दर वेळी चुकत होत्या.

वाण देण्याआधी दिगंबरराव उभे राहिले. माईक तोंडाशी नेला.

"उपस्थित सोयरेधायरे आणि मातृभगिनींनो! आमच्या घराण्यात मागण्याची..."

माईक बंद पडला. त्यांनी तो झटकला, फुंकला, तळहातावर आपटला. मग मागचे झाकण उघडून सेल काढला. माझी नजर आपोआप त्याच्या लेबलवर गेली. नऊ हजार नऊशे. तो वाक्याच्या मध्यापर्यंतही पोहोचला नव्हता.

"राहू द्या, दाजी," नामदेव म्हणाले. "वाण घेऊन घ्या आधी."

त्या क्षणी मला काय सुचले ते सांगते. दिगंबररावांना जे बोलायचे होते त्याची सुरुवात मी ऐकली होती. अशा भाषणांचा शेवट मला ठाऊक आहे. जन्मभर ऐकली आहेत. सोने येणार याची खात्री असलेला माणूस सोने नको असे फार सुंदर बोलतो. मला वाटले, या माणसाला बोलू द्यावे. पूर्ण बोलू द्यावे. सगळ्यांना ऐकू जाईल असे.

माझ्या पर्समध्ये नेहमी एखादा भरलेला सेल असतो. त्या माईकलाही त्याच मापाचा लागत होता. मी पर्समधून लाल पेटी काढली. पेटी पाहताच दिगंबररावांचे डोळे मोठे झाले. मी ती उघडून सेल त्यांच्या हातात दिला. "हा घाला, चेअरमनसाहेब. चांगला आहे."

त्यांनी तो घातला आणि आवाज मांडवाबाहेर, रस्त्यापलीकडे, हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायकांपर्यंत गेला.

नामदेव मात्र त्या उघड्या पेटीकडे पाहत राहिले. गुलाबी कापूस, त्यात सेलएवढा खळगा. मग त्यांनी चारींकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग आत्मारामभाऊंच्या छातीच्या खिशाकडे. माणसाच्या चेहऱ्यावरून वजन उतरताना मी पहिल्यांदाच पाहिले. नऊ तोळे होते, शून्यावर आले.

"आमच्या घराण्यात मागण्याची प्रथा नाही!" दिगंबरराव म्हणाले.

"दाजी," नामदेवांनी त्यांच्या सदऱ्याचे टोक ओढले.

"मुलगी दिली तिथं सर्व काही दिलं! फूल नको, फुलाची पाकळीही नको!"

"दाजी, जरा आयका..."

"मध्ये बोलू नका, नामदेवराव. आज सभागृहासमक्ष सांगतो." सभागृह म्हणजे आम्ही सगळे, पंखा आणि दोन शेळ्या. "जावयाला सोनं देण्याची ही जी प्रथा पडली आहे, ती समाजाला लागलेली कीड आहे! माझ्या मुलाला कोणी सोनं दिलं, तर मी ते परत करीन! परत! आणि पुढंही या घरात या विषयावर कोणी शब्द काढला, तर माझ्याशी गाठ आहे!"

नामदेव खाली बसले. कोपर गुडघ्यावर, कपाळ हातात. दिगंबरराव आणखी बराच वेळ बोलले. त्यांनी स्वतःचा हात दाखवून सांगितले की आपल्या बोटात अंगठी नाही. होती, पण ती त्यांनी भाषणाआधी काढून ठेवली होती. आवाज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकसारखा राहिला. खऱ्या सेलची हीच खूण.

टाळ्या झाल्या. आत्मारामभाऊंनी ताट आणले. अनारसे, कपडे, दिवा, डोक्याला बांधायची बॅटरी आणि लाल पेटी.  सुनीलने पेटी उघडली आणि आतला सेल दोन बोटांत धरून वर केला.  दोन गाड्या भरून आलेली माणसे त्या सेलकडे पाहत होती.

सुनीलने बॅटरी उचलली, कपाळाला बांधली आणि घराच्या अंधाऱ्या कोठीत गेला. आतून त्याचा आवाज आला, "मामाजी! कोपऱ्यात उंदराचं बीळ हाय तुमच्या! पार आतपर्यंत दिसून राह्यलं!" मग बाहेर येऊन तो सासऱ्यांच्या पाया पडला. कपाळावरची बॅटरी चालूच होती, त्यामुळे आत्मारामभाऊंचे पाय काही वेळ फार तेजस्वी दिसले. आत्मारामभाऊ म्हणाले, "आता खांबावर दातात काई धरू नको, बाबू." मग त्यांनी त्याच्या कपाळावरचा पट्टा ओढून घट्ट केला. 

सगळ्यांनी दिगंबररावांकडे पाहिले. माईक अजून त्यांच्या हातात होता आणि अजून चालू होता. त्यांचा एक दीर्घ श्वास हातपंपापर्यंत ऐकू गेला.

"हेच," ते म्हणाले. "हेच म्हणत होतो मी."

पुन्हा टाळ्या झाल्या, या वेळी जास्त. रेणुकेने सगळ्यांत मोठ्या वाजवल्या. कौसल्याबाईंचे अनारसे त्यानंतर पहिल्याच मोजणीत तेहतीस भरले. सुनील कपाळावर बाशिंगासारखी बॅटरी बांधूनच पंगतीला बसला आणि धोंडे खाल्ले. जेवताना दिगंबरराव चारींच्या शेजारी आले आणि हळूच विचारते झाले, "ते आकडे नक्की कशाचे होते?" चारी म्हणाले, "सेलचे. मजुरी नाही, घट नाही." माझा सेल दिगंबररावांनी परत दिला नाही. मीही मागितला नाही.

दिवाळीच्या खरेदीला रेणुका दुकानात आली. सबंध पावसाळा सुनील ती बॅटरी बांधून खांबावर चढला आणि ती एकदाही विझली नाही, असे तिने सांगितले. घरात सोन्याचा विषय कोणी काढत नाही. काढला तर सासरे स्वतःच खोकतात.

"आणि जादा सेल?" मी विचारले. "तो ठेवता ना खिशात, किल्ल्यांबरोबर?"

"छे वो, काकू. तो सासूबाईकडं हाय. सोनाराच्या काट्यावरून आलेली वस्तू म्हनून त्याइनं पेटीसगट लोखंडी कपाटात ठेवली, त्याइच्या डागाइपाशी. बदलाचा असला का यायले किल्ली मागा लागते."

म्हणजे प्लास्टिकच्या पेटीत, कोरड्या जागी, उन्हापासून दूर, चिल्लर आणि किल्ल्यांना न शिवता. मी आजवर विकलेल्या सगळ्या सेलांत नीट ठेवलेला हा एकच.